गुळणी

आमच्याकडे तोंड आलं की मिठाच्या पाण्याची गुळणी.
जनावराचं आलं तर तुरटीनं धुवायचं,
वर बोरिक पावडर मधात कालवून जिभेला.
अकरा वर्षांच्या नोकरीत एवढं पाठ झालंय.
पण होमराज दवाखान्यात येऊन म्हणाला,
“बाई, समुद्राच्या मासोळीले तोंड आला तं का करावा?”
तेव्हा मी रजिस्टर मिटलं.
जो जन्मभर गुळणीतच राहतो
त्याला आणखी काय सांगायचं.

चुलबंदच्या काठी, समुद्रापासून
एका रात्रीच्या रेल्वेहून लांब,
रिचार्जच्या दुकानात, चार्जरच्या माळांखाली
त्यानं ठेवलाय दीडशे लिटर समुद्र.
मीठ नागपूरहून एसटीनं,
पाणी ग्रामपंचायतीच्या आरओचं, पाच रुपये कॅन,
खारटपणा बघायला काचेची तरंगती काडी.
लाइन गेली की इन्व्हर्टर आधी हवेच्या पंपाला,
मग बिलाच्या मशीनला,
“मंग उरला तं आमाले,” सुलोचना म्हणाली.

मासा केशरी, तीन पांढऱ्या पट्ट्या,
माझ्या अंगठ्याएवढा.
खालच्या ओठावर पांढुरकं काही,
सरकीला चिकटून राहिलेल्या कापसासारखं.
खाऊपाशी यायचा, तोंड उघडायचा,
आणि काही आठवल्यासारखा मागे सरायचा.

गाईच्या जबड्यात मी कोपरापर्यंत हात घातलाय.
लाळ्या-खुरकूत वासावरून ओळखते.
इथे वास नव्हता. हाताला जागा नव्हती.
भिंग लावलं तर काचेत माझाच डोळा मोठा झाला.

बुरशी म्हणावी? जंतू?
चारशे किलोच्या म्हशीचा डोस
पाच ग्रॅमवर उतरवताना
दशांशचिन्ह डावीकडे सरकत सरकत
समासाबाहेर गेलं.
मी पेन खाली ठेवलं.

आधी गोड्या पाण्यात पाच मिनिटं धरून पाहू, म्हटलं.
उकळून निववलेलं, टाकीइतकंच कोमट.
घड्याळ सुलोचनाच्या हातात.
आम्ही रोज पितो त्या पाण्यात
मासा आडवा झाला.
एकही किडा सुटून पडला नाही.
चौथ्या मिनिटाला होमराज म्हणाला,
“काढा बाई, पुरे.”

तेवढ्यात परसराम दिघोरे आला,
खांद्यावर ओली जाळी, एकोणपन्नासचा रिचार्ज मारायला.
भिंग त्यानं घेतलंच नाही.
आधी ओठ बघितला, मग बराच वेळ काच.
“रोग नोहोय बाई, मार होय.
जाळीत ठेवलेला मरळ असाच थोबाड फोडून घेते.
हा कोनासंग भांडते?”

टाकीत दुसरं कुणीच नव्हतं.

मग लक्षात आला तो नवा दिवा,
गोल, पांढरा, फोटो काढायचा,
दिवाळीपासून काउंटरवर.
तो लागला की काचेत उगवायचा
दुसरा केशरी मासा,
तेवढ्याच रागानं समोरून येणारा,
एकदाही न हरणारा.

दिवा हलवला.
तीन बाजूंनी जुना पेपर डकवला,
निविदा सूचना आतल्या अंगाला.
पाणी रोज थोडं थोडं बदला,
तळ्यातला झिंगा किसा,
ओठ न लावता गिळता येईल इतका.
गोळी लिहिली नाही. चिघळलं तर लिहीन.
फी किती, विचारल्यावर मी परसरामकडे बोट दाखवलं.
त्यानं रिचार्ज फुकट घेतला
आणि वर एक चार्जरची वायर.

नवव्या दिवशी पांढरं गेलं.
तोंड जरा वाकडं राहिलंय,
हसता हसता कुणी आल्यासारखं.
होमराज म्हणतो पेपर काढू का,
गिऱ्हाइकाले मासाच दिसत नाही.
मी म्हटलं, राहू दे अजून.

परवा माझंच तोंड आलं.
पेल्यात मीठ विरघळवून
मोरीतल्या आरशासमोर उभी राहिले, गाल फुगवून.
समोरची बाई
तेवढ्याच रागानं बघत होती.
आरशावर टॉवेल टाकावा वाटला. टाकला नाही.
मीठ जरा जास्तच झालं होतं.